वीस मिनिटांत अख्खा महाराष्ट्र कशासाठी नाचवायचा?

एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. नाव आणि शाळा गाळून त्याचा गोषवारा असा: त्या कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. लहानपणी भरतनाट्यम शिकल्यामुळे गॅदरिंगमधल्या नृत्यांची जबाबदारी दरवर्षी त्यांच्याच गळ्यात पडते. मुख्याध्यापकांनी यंदाही ‘महाराष्ट्राची लोकधारा’ बसवायला सांगितले आहे. वीस मिनिटे, आठ नृत्ये. आरंभी गणेशवंदना, मग गोंधळ, जोगवा, लावणी, कोळीगीत, धनगरी, ‘आदिवासी डान्स’ आणि शेवटी शिवराज्याभिषेकासह लेझीम. गेल्या वर्षी हाच कार्यक्रम झाला तेव्हा आदिवासी नृत्यासाठी मुलांचे चेहरे काळे रंगवले होते, आणि धनगरी नृत्यात एका मुलाला मेंढरू करून चारी पायांवर पळवल्यावर प्रेक्षक पोट धरून हसले होते. कार्यक्रमानंतर सातवीतल्या एका मुलाचे वडील बाईंना भेटले आणि ‘बाई, आमच्यात असं नाचत न्हाईत’ एवढेच बोलून निघून गेले. यंदा आठवीच्या मुलींच्या लावणीवर काही पालकांनी लेखी हरकत घेतली आहे आणि ‘त्यापेक्षा काहीतरी शास्त्रीय, शुद्ध बसवा’ असे सुचवले आहे. बाई विचारतात, दुसऱ्या समाजांची नृत्ये आपण करणे मुळातच चूक आहे का? वादच नको म्हणून सगळा कार्यक्रम भरतनाट्यमचा करावा, की जबाबदारीच नाकारावी? ताजा कलम म्हणून त्यांनी आणखी एक अडचण कळवली आहे. धनगरी नृत्यात आम्हालाही घ्या, असा हट्ट मुली धरून बसल्या आहेत.

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा पर्याय आधी निकालात काढू. तुम्ही जबाबदारी नाकारली म्हणून कार्यक्रम रद्द होणार नाही. तो बाहेरच्या एखाद्या कोरिओग्राफरकडे जाईल, आठवडाभरात ट्रॅकवर बसवला जाईल आणि ड्रेपरीवाल्याकडून तीच गाठोडी पुन्हा येतील. ही गाठोडी गॅदरिंग केलेल्या कोणत्याही शिक्षकाला तोंडपाठ असतात. ‘आदिवासी’ असे पेनाने लिहिलेल्या पिशवीत हिरव्या रेक्झिनच्या पानांचे, कमरेला इलॅस्टिक ओवलेले घागरे आणि कोंबडीची पिसे खोचलेल्या पट्ट्या असतात. ‘धनगर’च्या पिशवीत काळ्या कापडाचे घोंगडे आणि डिंकाने चिकटवायच्या मिशा, तर ‘लावणी’च्या पिशवीत लहान मापाच्या शिवलेल्या नऊवारी. गेल्या वर्षी कोणाची टिंगल करावी असे तुमच्या मनात नव्हते, हे तुमच्या पत्रातल्या अस्वस्थतेवरूनच दिसते. तरीही कोणता समाज मंचावर कसा दिसावा, हे त्या वेळी तुम्ही ठरवले नव्हते, त्या पिशव्यांनी ठरवले होते. तो निर्णय यंदा तुमच्या हाती यायचा असेल तर तुम्ही जागेवर राहिले पाहिजे.

आता सगळा कार्यक्रम भरतनाट्यमचा करण्याबद्दल. या पर्यायामागे ‘शास्त्रीय ते शुद्ध आणि म्हणून निर्धोक’ असे एक गृहीतक आहे. ते पालकांकडून आले असले तरी तुम्हीही ते अर्धेमुर्धे मान्य केलेले दिसते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा जो क्रम तुम्ही गुरूंकडे शिकलात, त्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी बसवली. हे चौघे तंजावरच्या दरबारात होते, आणि तो दरबार मराठ्यांचा होता. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत भोसल्यांकडे राहिले. त्यांतले सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) हे या भावांचे आश्रयदाते. तंजावरात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या आणि त्यांचा अभ्यास करून सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या आपल्या काळात पुन्हा रंगमंचावर आणल्या. तेव्हा भरतनाट्यम हे ‘दक्षिणेचे’ आणि लावणी ‘आपली’ ही विभागणीसुद्धा वाटते तितकी सरळ नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकात तंजावर भेटते ते व्यंकोजींच्या नावापुरते. त्याच घराण्याच्या आश्रयाने या नृत्याला आकार आला, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते तुम्ही सांगू शकता.

पण पालकांना सांगण्याजोगी गोष्ट याच्या पुढची आहे. हे नृत्य पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सांभाळले, त्या मंदिराला आणि दरबाराला जोडलेल्या देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील प्रतिष्ठित समाज त्यांच्या नाचाबद्दल जे बोलत होता, त्यात आणि तुमच्या पालकांनी लावणीबद्दल लिहिलेल्या अर्जात मला फारसे अंतर दिसत नाही. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी जाहीर कार्यक्रम केला, पाठोपाठ कलाक्षेत्र ही त्यांची कलासंस्था उभी राहिली, हळूहळू चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या मुली हे नृत्य शिकू लागल्या, आणि १९४७ साली मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्यावर कायद्याने बंदी आली. ती बंदी आवश्यकच होती. तथापि, नृत्य प्रतिष्ठित होत गेले तसतसे ते सांभाळणाऱ्या घराण्यांपैकी बहुतेकांच्या हातून ते सुटले, हेही तितकेच खरे आहे. त्या परंपरेतल्या बालसरस्वती शेवटपर्यंत हेच सांगत राहिल्या की शृंगार हा या कलेचा गाभा आहे, तो धुऊन काढण्याची गरज नाही. म्हणून लावणी काढून तिच्या जागी ‘शुद्ध’ म्हणून भरतनाट्यम ठेवणे म्हणजे एका नाचणारीला बाहेर काढून तिच्या जागी दुसरीला, तीही तिचे पूर्वायुष्य लपवून, बसवण्यासारखे आहे.

याचा अर्थ भरतनाट्यम नको असा नाही. ते तुम्हाला येते, वर्गातल्या दोन-चार मुली कुठे ना कुठे शिकत असतीलच. त्यांचा एक तुकडा जरूर ठेवा. मात्र ती गणेशवंदना ‘कार्यक्रमाची मंगल सुरुवात’ म्हणून तोंडी लावायला नको. या नृत्याची तंजावरची आणि देवदासींची हकीकत निवेदनात येऊ द्या. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात. अशी चार वाक्ये सातवी-आठवीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कळतील अशा भाषेत लिहिणे तुम्हाला जड जाऊ नये.

लावणीच्या हरकतीतले अर्धे मला पटते. तेरा वर्षांच्या मुलीने प्रौढ स्त्रीच्या विरहाच्या आणि संगाच्या शब्दांवर डोळे मोडणे मलाही पाहवत नाही, आणि खाली बसलेल्या प्रेक्षकांतून आलेली शिट्टी त्याहून नाही. पण याचे कारण मुलीचे वय आहे, लावणी नव्हे. तुमच्या गुरूंनीही तुम्हाला त्या वयात शृंगारप्रधान पदम दिले नसेल. आधी अडवू म्हणजे मूळ पावले, मग जति म्हणजे तालाच्या बोलांवरचे तुकडे, मग कधीतरी अभिनय, अशीच पायरी असते. संगीतबारीतल्या, म्हणजे लावणी सादर करणाऱ्या पार्ट्यांतल्या, जाणत्या बायकाही पायातला तोडा आणि ढोलकीची लय आधी पक्की करून घेतात, आणि बैठकीच्या लावणीतली अदा पुष्कळ वर्षांनी येते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती जागेवर बसून, भुवई आणि बोटे यांच्या आधाराने एकेका ओळीचे अनेक अर्थ दाखवणाऱ्या या कलेसाठी. ते आठवीच्या मुलींकडून पंधरा दिवसांत करून घेऊ पाहणे हा लावणीवरही अन्याय आहे.

म्हणून पालकांना उत्तर लिहाल तेव्हा ‘तुमच्या भावनांचा आदर करून लावणी वगळत आहोत’ असे कृपा करून लिहू नका. ‘या वयाला न शोभणारा मजकूर आम्ही कोणत्याच नृत्यात घेणार नाही, मग ते शास्त्रीय असो वा लोकनृत्य’ असे लिहा आणि तो नियम कोळीगीताच्या चालीवर बसवलेल्या सिनेमाच्या गाण्यांनाही लावा. एरवी लावणीच्या परंपरेत मुलांना देण्याजोगे बरेच आहे. राम जोशींच्या उपदेशपर रचना आहेत, कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पक्षांतले सवाल-जवाब आहेत, आणि आपल्या भागात भेदिक, म्हणजे कोडी घालणारी, शाहिरी ऐकलेली आजोबा मंडळी अजूनही भेटतात. दोन गट समोरासमोर, एक ढोलकी आणि वर्गातल्या चलाख मुलांनी स्वतः रचलेले प्रश्न, एवढ्यावर पाच मिनिटे मजेत जातात. ते तुमच्या मराठीच्या तासालाच बसवता येईल.

दुसऱ्या समाजांची नृत्ये करणे मुळातच चूक आहे का, हा तुमचा खरा प्रश्न. मला सरसकट नाही म्हणवत आणि सरसकट होयही म्हणवत नाही. कोल्हापुरातल्या तालमींत लेझीम सगळ्या जातींच्या पोरांनी खेळली आहे आणि ते चांगलेच झाले. पण लेझीम हा मुळातच जमावाने शिकण्याचा-शिकवण्याचा प्रकार आहे. काही नाच मात्र एखाद्या देवाचे, नवसाचे, हंगामाचे असतात, आणि त्या प्रसंगातून उचलले की हाती फक्त पोशाख उरतो. म्हणून मी प्रत्येक नृत्याबाबत तीन गोष्टी विचारीन: हे नाचणारे आपल्या ओळखीत आहेत का, त्यांना आपण विचारले आहे का, आणि ते प्रेक्षकांत बसले असते तर आपण हे असेच केले असते का? तिन्हींची उत्तरे देता येत नसतील तर ते नृत्य यंदा राहू द्यावे.

या कसोटीवर ‘आदिवासी डान्स’ पहिल्याच फेरीत बाद होतो, कारण त्या नावाचे नृत्यच नाही. महाराष्ट्रात चाळीसहून अधिक अनुसूचित जमाती आहेत. मेळघाटातल्या कोरकूंचे नाच वेगळे, गडचिरोलीच्या गोंडांचा रेला वेगळा. सातपुड्यात अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीला येणारे नर्तक अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्याला मोरपिसांचे टोप घालतात, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधतात, आणि त्याआधी काही दिवस नेमधर्म पाळतात. ते ठिपके म्हणजे त्यांच्या व्रताचा भाग आहे. आपण मुलांच्या तोंडाला काजळ फासले, ते कोणाचा भाग होते?

वारली मंडळींच्या तारपा नाचाचेच पाहा. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी-जव्हारकडे, भात तयार होण्याच्या सुमारास तो रंगतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून हे वाद्य बनवतात, आणि वादक ते फुंकत मध्ये उभा राहतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात, पुढच्याच्या हातात घुंगूरकाठी असते, आणि ती साखळी वादकाभोवती वेटोळे घालत, सोडवत फिरते. तारप्याकडे पाठ करायची नाही असा त्यांचा संकेत आहे; वादकाने चाल बदलली की पाऊल बदलते. आता आपल्या मंचाचा विचार करा. गॅदरिंगमध्ये आपण मुलांना पहिली गोष्ट शिकवतो ती म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ करू नका. तारपा मंचावर आणताना हा एक नियम लावला तरी वेटोळे सुटते, रांग होते आणि वादक विंगेत जातो किंवा ट्रॅकमध्ये शिरतो. मग उरलेल्याला तारपा कशासाठी म्हणायचे?

आपल्या जिल्ह्यात या समाजांची वस्ती अगदी थोडी आहे, आणि विचारायला कोणी जवळ नसताना अंदाजाने बसवण्यापेक्षा मी ते नृत्य मंचावरून काढून वर्गात आणीन. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे वारली चित्रकला जगभर पोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तारप्याचे ते वेटोळे वारली चित्रांत पुन्हा पुन्हा येते आणि चित्रकलेच्या तासाला मुले ते काढतातही, फक्त त्या चित्रात नेमके काय चालले आहे हे त्यांना ठाऊक नसते. त्या भागातल्या लोकांनी स्वतः चित्रित केलेला नाच पडद्यावर दाखवा, मुलांना पावले मोजू द्या, वादक कोणत्या क्षणी चाल बदलतो ते ओळखू द्या. सहल पुण्याला जाणार असेल तर आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय सहलीच्या यादीत घाला. हे सगळे गॅदरिंगच्या दिवशी दिसणार नाही, पण सगळे काही गॅदरिंगलाच दिसले पाहिजे असे कोणी ठरवले?

जोगव्याबद्दल माझे मत अधिक कडक आहे, आणि ते कोल्हापूरचे म्हणून आहे. सौंदत्तीला रेणुका-यल्लमाच्या डोंगरावर आपल्या जिल्ह्यातून गाड्याच्या गाड्या भरून भाविक जातात आणि परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा होते. जोगतिणींच्या चौंडक्याचा, त्या एका तारेच्या वाद्याचा, आवाज इथल्या मुलांना परका नाही. परंतु याच मुलखातून मुली देवीला सोडल्या जात होत्या. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९२० साली जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला, मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात २००५ सालीही कायदे करावे लागले, आणि गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासींच्या हक्कांसाठी चळवळ झाली. अशा जागी सहावीतल्या मुलीच्या डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली, आणि कपाळभर भंडारा देऊन टाळ्या घेणे मला पटत नाही. तुमच्या वर्गात एखाद्या जोगतिणीची नात बसलेली असू शकते आणि ती ते कोणालाही सांगणार नाही. गोंधळाची गोष्ट निराळी आहे. तो तुमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी लग्नानंतर घातला जातो. ठेवायचाच असेल तर खरा संबळ वाजवणाऱ्या गोंधळी कलावंताला बोलवा, दिवटी त्याच्याच हातात असू द्या आणि मुलांना मागून झील, म्हणजे सुरांची साथ, धरू द्या.

आता सातवीतल्या मुलाचे वडील. त्यांचे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून ऐकलेत आणि म्हणून वर्षभर त्यांना टाळलेत, असे पत्रात लिहिले आहे. मला त्या वाक्यात रागापेक्षा माहिती जास्त दिसते. ‘आमच्यात असं नाचत नाहीत’ म्हणणाऱ्याला कसे नाचतात हे ठाऊक असते, आणि ते सांगायला तो तुमच्यापर्यंत चालत आला होता. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या गर्दीत ढोल आणि झांजेसारखे कैताळ वाजू लागतात, त्याच्या पुढे मेंढराचे सोंग करणाऱ्या मुलाची काय कथा! गजी या धनगरी नृत्यात धोतर, अंगरखा, फेटा अशा पोशाखातले पुरुष हातात रंगीत रुमाल घेऊन ढोलांभोवती फिरतात. पाऊल सुरुवातीला इतके संथ पडते की नवख्याला अजून नाच सुरू झालाच नाही असे वाटते, आणि मग ढोल घट्ट होत जातो तसे रुमाल आणि पाय एकाच ठोक्यावर येतात. जोडीला सुंबरान मांडून, म्हणजे देवाचे स्मरण करून, गायलेल्या बिरोबाच्या ओव्या असतात. हे अडीच मिनिटांच्या ट्रॅकमध्ये मावत नाही. आठ-दहा मिनिटे दिलीत तर प्रेक्षकांना ती चढत जाणारी लय कळेल.

त्यांना भेटायला शाळेत बोलावू नका. शाळेत बोलावणे आले की पालकांना मुलाने काहीतरी केले असेच वाटते. तुम्हीच त्यांच्याकडे जा. गेल्या वर्षी झाले ते बरोबर झाले नाही, हे आधी सांगा आणि मग विचारा की त्यांच्या भावकीत, गावाकडे कोणी गजी शिकवणारे आहे का, शाळेत हे करणे त्यांना रुचेल का, कोणत्या ओव्या मंचावर म्हणता येतील आणि कोणत्या देवासमोरच म्हणायच्या असतात. ते नको म्हणाले तर ते उत्तर मान्य करा. हो म्हणाले तर पैशांचे आधीच बोला. ड्रेपरी आणि ट्रॅक यांवर शाळा दरवर्षी जो खर्च करते, तो यंदा ढोलवाल्यांचे मानधन आणि ढोल आणण्या-नेण्याचे भाडे यांकडे वळवता येईल, आणि ती रक्कम सत्काराच्या नारळाबरोबर पाकिटात सरकवण्याऐवजी ठरवून, पावतीने द्यावी. ‘आपली कला आहे, प्रेमाने येतील’ हा शाळांचा आवडता हिशेब आहे. साउंडवाला काही प्रेमाने येत नाही.

दोन सावधगिऱ्या बाळगा. एका कुटुंबाचे मत म्हणजे समाजाचे मत नव्हे. हाटकर, खुटेकर, गवळी धनगर अशा शाखा आहेत, आणि राधानगरी-गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यांवरचे जगणे माणदेशातल्या मेंढपाळासारखे नाही. म्हणून निवेदनात ‘धनगर समाजाचे नृत्य’ असे मोघम न म्हणता ज्या गावच्या मंडळींनी शिकवले त्या गावाचे नाव घ्या. दुसरी सावधगिरी त्या मुलाबद्दल. गेल्या वर्षी हसणाऱ्या प्रेक्षकांत त्याचे वर्गमित्रही होते. यंदा त्याला हौसेने पुढे ओढून ‘हा बघा आपला धनगर’ असे उभे करू नका. त्याला एकट्याला विचारा. त्याला नाचायचे नसेल, प्रकाशयोजनेच्या मुलांबरोबर बसायचे असेल, तर तेही ठीक आहे.

मुख्याध्यापकांचा आक्षेप मला इथूनही ऐकू येतो: प्रत्येक मूल मंचावर दिसले पाहिजे, नाहीतर पालक येत नाहीत. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मुलांच्या घरातच आहे. गौरी-गणपतीत आणि पंचमीला आपल्या भागातल्या बायका जे खेळतात ते कितीही मुलींना सामावून घेते. झिम्मा, फेर, बसफुगडी, पिंगा, काटवट कणा, घागर घुमवणे, सूप नाचवणे यांतले निम्मे प्रकार मुलींच्या आज्यांना येतात, आयांपैकी काहींना येतात आणि मुलींनी फक्त मोबाईलवर पाहिलेले असतात. चार आज्यांना दुपारच्या वेळी शाळेत बोलवा आणि शिकवू द्या. एकीची चाल दुसरीला पटणार नाही, हेही मुलींना पाहू द्या. माहेर, सासर, नणंद, जाऊ यांवरची गाणी आज्या म्हणतील तशी लिहून घ्या, त्यातून मराठीचा एक चांगला उपक्रम होईल. फक्त फुगडीच्या वेळी मंचावरचा गालिचा काढून टाका. तो सरकतो आणि मनगट मुरगळते. लेझमीला तर सगळी शाळा पुरते. शिवराज्याभिषेकाबद्दल मी काही बोलत नाही, कारण तो काढा म्हटल्याने तो निघणार नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे आठ नावांच्या जागी पाच नावे घेऊन जा: तंजावरच्या हकिकतीसह भरतनाट्यमचा छोटा तुकडा, सवाल-जवाब, झिम्मा-फुगडी आणि, वडिलांकडून होकार आला तर, गजी, शेवटी लेझीम आहेच. वेळ तेवढाच, मुले तेवढीच, खर्चही साधारण तेवढाच, हे कागदावर मांडून दाखवा. त्यांनी ‘लोकधारे’त कोळी आणि आदिवासी कुठे गेले असे विचारले, तर पुढच्या वर्षासाठी त्या-त्या भागातल्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करण्याची परवानगी त्याच बैठकीत मागून घ्या. त्यांनी तरीही ऐकले नाही आणि आठच हवीत असा हुकूम आला, तर किमान रंगवलेले चेहरे, मेंढरू आणि जग या तीन गोष्टी तुम्ही करणार नाही एवढे लेखी कळवा. तेवढ्यावर कोणी तुमची नोकरी घालवणार नाही.

राहिला मुलींचा हट्ट. गजी हे परंपरेने पुरुषांचे नृत्य. मुलींनी ते शाळेत करण्यात मला स्वतःला काही वावगे दिसत नाही, आणि झिम्म्यात मुलगे आले तरी दिसणार नाही. पण इथे माझ्या किंवा तुमच्या मताने ठरवायचे नाही. शिकवायला येणाऱ्या जाणत्यांना विचारा, आणि तेही मुलींसमोर विचारा, म्हणजे उत्तर तुमच्या तोंडून जाणार नाही. ते कदाचित सहज हो म्हणतील, कदाचित रुमाल घेऊन नाचा पण अमुक ओवीला थांबा म्हणतील. नाही म्हणाले तर कारण विचारण्याचा हक्क मुलींना आहे आणि त्यावर वाद घालण्याचाही. फक्त तो वाद तालमीच्या शेवटी ठेवू नका, कारण ढोल घेऊन आलेल्या माणसांना गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते.